टाळूवरचं बोट

नगरहून सुटलेली एस. टी. तुम्हाला जामखेडच्या स्टँडवर उतरवते तेव्हा साल असतं १९७१ आणि महिना जूनचा. आभाळात ढग आहेत, पण नुसतेच. या प्रवासाचा नियम एकच आहे: हातात काही आणायचं नाही. मोबाइल, पाकीट, पाण्याची बाटली, सगळं मागे राहिलं. डोक्यातलं मात्र कुणी काढून घेतलेलं नाही. जंतू कसे पसरतात, जुलाबात काय द्यायचं, लस कधी टोचायची, हे तुम्हाला आजच्या कुठल्याही शिकल्यासवरल्या माणसाइतकं ठाऊक आहे. इथल्या लोकांच्या लेखी मात्र तुम्ही म्हणजे नगरच्या मिशन दवाखान्यात शिकून आलेली, वीस-एकवीस वर्षांची, बिनलग्नाची नर्सबाई. अंगावर पांढरी साडी, हातात पत्र्याची पेटी.

जामखेडला इतिहासाची वाण नाही. तालुक्यातल्या खर्ड्याला १७९५मध्ये मराठ्यांनी निजामाला हरवलं, चौंडी हे अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव. वाण आहे ती पाण्याची. वर्षापूर्वी, १९७०मध्ये, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं इथं येऊन राहिलंय. दोघंही वेल्लोरला शिकले, पुढं अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला आणि परत येऊन जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत माणसांचा दवाखाना मांडला. तुम्ही आत शिरता तेव्हा दाराबाहेर बैलगाड्या सुटलेल्या आहेत आणि ओळ उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत गेलीय. ओळीतल्या आजारांवर नजर टाकलीत तर एक गोष्ट तुमच्याही ध्यानात येते. जुलाब, गोवरानंतरचा खोकला, धनुर्वात, रातांधळेपणा, हाडं वर आलेली पोरं. यातली निम्म्याहून अधिक माणसं घरीच कुणी दोन गोष्टी नीट सांगितल्या असत्या तर इथवर आलीच नसती.

त्या दोन गोष्टी सांगायलाच तुम्हाला गावात पाठवलंय.

जीप तुम्हाला सोडून धुरळा उडवत निघून जाते. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्या वेळी तालुक्यातलं कुठलंही गाव घेतलं तरी पुढची हकीकत फारशी बदलली नसती. देवळामागची एक खोली तुमच्यासाठी झाडून ठेवलीय, तिला आतून कडी आहे, पण ती नीट बसत नाही. पहिल्या रात्री तुम्ही दाराला पेटी लावून झोपता.

दुसऱ्या दिवशी एका घरातून बोलावणं येतं. खरं तर बोलावणं येत नाही, शेजारची पोर सांगते आणि तुम्हीच जाता. ओसरीवर बाज, बाजेवर आठ-नऊ महिन्यांचं लेकरू. कालपासून हागवण लागलीय. डोळे खोल गेलेत, ओठ सुकलेत, रडतंय पण डोळ्यांतून टिपूस नाही. टाळूवर खळगा पडलाय, आईच्या बोटाचं टोक बसेल एवढा. पोटावर बिब्ब्याचे दोन ताजे डाग.

“मावशी, याला पाणी पाजा. थोडं थोडं, पण सारखं,” तुम्ही सासूला म्हणता, कारण घरात कोण ठरवतं हे कळायला तुम्हाला फार वेळ लागलेला नाही.

“पाणी?” म्हातारी तुमच्याकडं खालून वर बघते. “आवं बाई, पाणी दिल्यावर अजून हागंल की. वरनं वतायचं अन् खालनं जायचं. बंद केलंय तवाच थांबंल.”

या बोलण्याला हसू नका. जे डोळ्यांना दिसतं त्यावरून काढलेला तो सरळ निष्कर्ष आहे. मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांतही त्या काळी जुलाबाच्या रुग्णाचं खाणंपिणं तोडून आतड्यांना ‘विश्रांती’ देणारे डॉक्टर होतेच. म्हातारी काही त्यांच्या मागे नव्हती.

तुम्ही समजावू लागता. शरीरातलं पाणी, क्षार, रक्ताचा दाब. ‘डीहायड्रेशन’ हा शब्दही तोंडातून निसटतो. सून घुंगटाआडून ऐकतेय, तिच्या मनात काहीतरी हलतंय, तेवढ्यात म्हातारी विचारते, “लगीन झालंय का तुमचं?”

“नाही.”

“मंग लेकरूबाळ कुठलं! म्या नऊ बाळंतपणं काढली. पाच जगली.”

हा आकडा तिनं आपली लायकी म्हणून सांगितलाय. तुमच्या कानांना मात्र तो चार मेलेल्या पोरांचा हिशेब वाटतो. एकाच आकड्याचे हे दोन अर्थ ओसरीवर समोरासमोर बसलेत आणि त्यांच्यात बोलणं सुरू व्हावं असं तुमच्या पेटीत काहीच नाही. नर्सिंगच्या शाळेत मलमपट्टी शिकवली, इंजेक्शन शिकवलं, सासूशी कसं बोलायचं ते कुणी शिकवलं नाही.

तिसऱ्या दिवशी तुम्ही त्या घरावरून जाता तेव्हा ओसरीवरची बाज भिंतीला उभी करून ठेवलेली असते.

आरोळ्यांच्या प्रकल्पाच्या सुरुवातीच्या नोंदीत त्या भागातला अर्भकमृत्यूचा आकडा आहे हजारी १७६. जन्मलेल्या दर सहा पोरांतलं एक वाढदिवस न बघता जायचं. आणि उपाय काय होता? याच १९७१ साली बंगालच्या सीमेवर बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपल्यावर मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवून ठेवलं आणि पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. जिथं पटकीनं शंभरातले तीसेक जण दगावत होते तिथं ते प्रमाण चारच्या आत आलं. नर्सा पुरणार नव्हत्याच, म्हणून आई-बहिणींना शिकवलं. ती बातमी जामखेडच्या ओसरीवर पोचायला अजून अवकाश आहे. तुम्हाला ती ठाऊक आहे, पण तुमच्या ठाऊक असण्यानं त्या लेकराच्या पोटात एक घोट गेला नाही.

पुढचे महिने असेच जातात. बाळंतिणीच्या घरात तुम्हाला उंबऱ्याबाहेर थांबवतात. पहिले तीन दिवस आईचं दूध पिळून टाकतात, बाळाला गुळाचं पाणी चाटवतात. “चिकाचं दूध बाधतं,” म्हणतात. तुम्ही रोगप्रतिकारशक्तीवर बोलता आणि बाया एकमेकींकडं बघून पदर तोंडाला लावतात. रात्री कुणी दगड टाकतं, कुणी नुसतंच दार वाजवतं. एकटी राहणारी, परगावची, तरणी नर्स म्हणजे गावाच्या नजरेत काय, हे सांगायला नको. रमाबाई रानडे यांच्या सेवासदननं पुण्याच्या ससूनमध्ये मुली नर्सिंग शिकायला पाठवल्या तेव्हाही समाजानं नाकं मुरडलीच होती. साठ वर्षं उलटली तरी नाकं तिथंच.

आरोळ्यांनी गावोगाव ठेवलेल्या इतर नर्सांचीही हीच कथा. कुणी आजारी पडून परतली, कुणाला घरच्यांनी बोलावून घेतलं. कुणी टिकली, पण तिचं कुणी ऐकेना. इथं एक गोष्ट आरोळे दांपत्याच्या पदरात टाकायला हवी. नर्सा आळशी आहेत किंवा लोक अडाणी आहेत, यातलं काहीही म्हणून ते मोकळे झाले नाहीत. गावकऱ्यांशी बोलणं झालं आणि त्यातून वाट निघाली ती अशी: शिकवायची ती गावातलीच बाई. गावानं निवडलेली, बाळंतपणं पाहिलेली, रात्री-अपरात्री कुणाच्याही दारात जाऊ शकणारी. लिहिता-वाचता येत नाही? नसू दे.

तुम्हाला हे पहिल्यांदा ऐकताना राग येतो, तो गिळू नका. तीन वर्षं शिकून, परीक्षा देऊन, टोपी मिळवून आपण जे कमावलं ते आता अंगठेबहाद्दर बाईच्या हाती द्यायचं? मग आपलं काम काय उरलं?

ते कळायला १९७३च्या सुरुवातीला या.

दुष्काळ ऐन भरात आहे. मृग गेला, परतीचा पाऊस गेला, विहिरींचे तळ दिसतायत. रस्त्याच्या कडेनं माणसं ओळीनं खडी फोडतायत, त्यांत कालपर्यंत नांगर धरणारे बागायतदारही आहेत. सुकडीचं वाटप आहे, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी आहेत, ज्या तव्यावर तुटतात आणि घशाखाली उतरत नाहीत. लोकांना आधी पाणी आणि अन्न हवंय, हे ओळखून प्रकल्पानं दवाखान्याइतकंच लक्ष कूपनलिकांकडं आणि पोरांच्या जेवणाकडं वळवलंय. कूपनलिका दलित वस्तीत घ्यायची असा आग्रह धरलाय. म्हणजे पाटलीणबाईंनाही हंडा घेऊन तिकडंच यावं लागणार.

जामखेडच्या केंद्रात एका लांबट खोलीत बाया बसल्यात, भिंतीला पाठ टेकून, पदर कपाळापर्यंत. गावागावांतून निवडून आलेल्या या आरोग्य सेविका. बऱ्याचशा दलित, काही विधवा, काही टाकलेल्या. आठवड्यातून एकदा मुक्कामाला यायचं, एका पंगतीत जेवायचं, रात्री एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपायचं. पहिल्या मुक्कामाला जातीच्या विचारानं कितीजणींना झोप लागली नसेल! शिकवणाऱ्यांत डॉक्टर आहेत, समाजसेवक आहेत आणि तुम्ही आहात.

तुम्ही खडू घेऊन उभ्या राहता. समोरच्या पहिलीला नाव विचारता. ती गावाचं नाव सांगते. पुन्हा विचारता, ती थोरल्या मुलाचं नाव घेऊन “त्याची आय” म्हणते. तिसऱ्यांदा विचारल्यावर कुणालाच ऐकू येणार नाही अशा आवाजात स्वतःचं नाव सांगते. या बाईनं गावात जाऊन सरपंचाच्या बायकोला चार गोष्टी ऐकवायच्या आहेत. तुम्ही खडू खाली ठेवता आणि जमिनीवर बसता. शहाणपणाचा हा तुमचा पहिला निर्णय.

“तुमच्याकडं बाळ जन्मल्यावर पहिल्यांदा काय देतात?” एवढंच विचारता. उत्तरं येऊ लागतात. गुळाचं पाणी. एरंडेल. मध. शेजारणीचं दूध. आणि चीक? “छ्या, त्यो पिळून टाकायचा.”

तुमच्या जिभेवर व्याख्यान आलेलं असतं. ते तुम्ही दाबता आणि दुसरंच विचारता: “गाय व्याल्यावर काय करता?”

“वासराला चीक पाजायचा. ऱ्हायला तर खरवस.”

“आणि नाही पाजला तर?”

“मंग वासरू कसं धरंल? तगायचं न्हाई.”

खोली गप्प होते. कोपऱ्यातली एक पन्नाशीची बाई, जिनं सकाळपासून तोंड उघडलेलं नाही, पदर मागं सारते. “म्हंजी बाई, वासरापरीस आपलं लेकरू हलकं झालं की वो.”

हे वाक्य तुमचं नाही. ते तुम्ही म्हणाला असता तर बायांनी मान डोलावली असती आणि गावी जाऊन विसरल्या असत्या. तिनं म्हटल्यावर ते खोलीचं झालं. पुढचं वर्षभर ते गावोगाव फिरणार आहे. आणि त्या वाक्याचा जन्म व्हायला तुम्ही केलेलं काम म्हणजे दोन प्रश्न आणि एक दाबलेलं व्याख्यान. शिकवणाऱ्या नर्सचं खरं कसब इथं आहे, असं मला वाटतं. आपल्याला येणारं उत्तर समोरच्याच्या तोंडून येईपर्यंत कळ काढणं हे टाके घालण्यापेक्षा अवघड काम आहे आणि त्याचे मार्क कुठल्याच परीक्षेत मिळत नाहीत.

एका मुक्कामाला एकच धडा, दोन नाही. या आठवड्यात जुलाब, पुढच्या आठवड्यात नाळ. नाळ कशानं कापतात? विळ्यानं. वर काय लावतात? राख, शेण. मग धनुर्वात कुठून येतो, ते चित्रांच्या तक्त्यावरून, बायांनी पाहिलेल्या मेलेल्या पोरांच्या आठवणींवरून, हळूहळू. उकळलेलं पातं, उकळलेला दोरा, स्वच्छ हात, आणि आईला आधीच टोचलेली लस. धडा संपला की तुम्ही म्हणता, “आता मी त्या घरातली सून. तू नर्स. सांग मला.” ती सांगते. चुकते तिथं दुसरी टोकते. तिसरी सासू होऊन भांडायला लागते, इतकं हुबेहूब की खोलीत हसू फुटतं. त्या भांडणात तुमच्या लक्षात येतं की म्हातारीला उत्तर कसं द्यायचं हे या बायांना उपजत ठाऊक आहे. तुम्हाला दोन वर्षांपूर्वी ते मिळालं असतं तर!

जुलाबाच्या धड्याला तुम्ही एका सेविकेच्या मांडीवरचं तान्हं लेकरू मागून घेता. तिचं बोट धरता आणि बाळाच्या टाळूवर ठेवता. अगदी हलकं. खाली ठोके लागतात, कातडी सपाट आहे. “ही भरलेली टाळू. पाणी कमी झालं की इथं खळगा पडतो. पोटाची कातडी चिमटीत धर आणि सोड. लगेच बसली? आजारी पोराची बसत नाही, सुरकुती राहते.” मग दुसरीचं बोट. मग तिसरीचं. एकूण एक बाईचं बोट त्या टाळूवरून जातं. बाळ कंटाळून भोकाड पसरतं. पुस्तकात हा सगळा मजकूर दोन ओळींचा आहे. इथं त्याला सकाळ लागते, पण एकीचंही बोट ते विसरणार नाही.

आता सेविकेबरोबर तिच्या गावी चला. पेटी तिच्या हातात, तुम्ही मागून. जीप आठवड्याला एकदा येते, नर्स आणि डॉक्टर घेऊन. अवघड रुग्ण तुम्ही बघायचे, बाकीचा आठवडा गाव तिचं.

तेच दृश्य: ओसरी, बाज, सुकलेलं लेकरू, सासू. तुम्ही तोंड उघडायचं नाही असं ठरलंय.

“काय गं, कधीपासनं?” सेविका पायरीवरच बसते. आत यायचं नाही हे तिला ठाऊक आहे, तिची जात सगळ्या गावाला ठाऊक आहे. ती पोराला हात लावायची घाई करत नाही. दुष्काळाचं बोलते, खडीच्या कामाचं बोलते, म्हातारीच्या गुडघ्याची चौकशी करते. मग सहज म्हणते, “टाळू बघितली का त्याची? हात लावून बघा, आक्का. तुमीच बघा.”

म्हातारी बोट ठेवते. बोट खाली जातं. ती काही बोलत नाही.

“त्यातलं पाणी गेलंय. जितकं गेलं तितकं घालाया नगं का? तांब्याभर पाणी उकळून गार कर, पोरी. त्यात मूठभर गूळ. अन् मीठ ह्या तीन बोटांत मावंल तेवढं. आधी तूच चाखून बघ. आसवांपरीस खारट लागलं तर फेकून दे, दुसरं कर. चमच्यानं पाज. वकलं तर जरा थांब, पुन्यांदा पाज. अंगावरचंबी पाजत ऱ्हा.”

“अन् हागायचं?”

“हागंल, आक्का. दोन दिस हागंलच. त्याच्यावर डोळा ठेवू नगा. मुतला की मला हाक मारा.”

हे शेवटचं वाक्य नीट ऐका. दोन वर्षांपूर्वी तुम्ही ‘पाणी पाजा’ म्हणून उठलात. म्हातारीनं काय बघायचं, गुण येतोय हे कशावरून ओळखायचं, हे तुम्ही सांगितलंच नव्हतं. जुलाब तर पाणी पाजल्यावरही चालूच राहतात, म्हणजे तिच्या हिशेबानं तुमचा उपाय फसलेलाच. सेविकेनं तिला वेगळी खूण दिली. दिवेलागणीला सून धावत येते, तिच्या लुगड्याचा सोगा ओला आहे आणि ती तो सगळ्यांना दाखवत सुटलीय.

अशी एकच गोष्ट सांगितली तर प्रकरण फार गोड होईल. त्याच गावात दुसऱ्या घरानं सेविकेला दारातून परत पाठवलं, तिसऱ्यानं ऐकून घेतलं आणि केलं काहीच नाही. दलित बाईनं आम्हाला शिकवायचं का, हा प्रश्न कितीतरी महिने पारावर चघळला गेला. तिचं ऐकायला लागले ते तिनं कुणाच्या तरी अडलेल्या सुनेला वेळेत जीपमध्ये घालून जामखेडला नेलं तेव्हा. काही जणांना ज्ञान पटत नाही, उपयोग पटतो, आणि त्यात गैर काही नाही.

अजून एका घरी जायचं राहिलं. वस्तीच्या टोकाला एक माणूस एकटाच राहतो, महारोगी. डॅप्सोनच्या गोळ्या चालू आहेत, पण पायाला बधिरपणा आलाय. चुलीतला निखारा पायावर पडला तरी त्याला कळत नाही, वास आल्यावर कळतं. तुम्ही त्याच्यासमोर बसता. त्याच्या समोर बसणारं माणूस त्यानं बऱ्याच दिवसांत पाहिलेलं नसतं. तुम्ही त्याचा पाय हातात घेता, धुता, पुसता आणि तळवा त्याच्याकडं वळवता. “दुखत नाही म्हणून बरा आहे असं समजायचं नाही. दुखणं आता डोळ्यांनी बघायचं. रोज संध्याकाळी उजेड आहे तोवर पाय धुवायचा, बोटांच्या बेचक्या बघायच्या, टाचेला भेग पडली का बघायचं. वहाणेत हात घालून खडा आहे का ते चाचपायचं. हातानं, पायानं नाही. आणि अनवाणी फिरायचं नाही.” मग त्याला करायला लावता. तो पाय धुतो, बघतो, बेचकीतली एक चीर त्यालाच सापडते. तुम्हाला ती मघाशीच दिसली होती.

इथून भराभर पुढं चला. १९७५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं लोकांच्या हाती दिलेल्या आरोग्यसेवेवर एक पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर प्रकरण होतं. १९७८ला अल्मा-आताच्या परिषदेनं प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा काढला. १९७९मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हजारी १७६चा आकडा १९७६पर्यंत ५२वर आला आणि नव्वदच्या दशकात विशीच्या आसपास. हे नुसत्या शिकवण्यानं झालेलं नाही. पाणी आलं, लसी आल्या, पोरांच्या पोटात अन्न गेलं, दोन बाळंतपणांतलं अंतर वाढलं. पण यातली लस टोचून घ्यायला आईला तयार कुणी केलं, हे विचारलंत तर उत्तर त्या लांबट खोलीतच सापडेल.

सरकारनं १९७७मध्ये देशभर गावपातळीवरचे आरोग्यरक्षक नेमायची योजना आणली तेव्हा निवडले गेले ते बहुतेक पुरुष. जामखेडचा धडा अर्धाच वाचला होता. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली, आणि नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं ‘लॅन्सेट’मध्ये १९९९ला छापून आलं. २००५पासून आशा आल्या, साधारण हजार लोकवस्तीमागं एक. दवाखान्यातून बाळ घरी आलं की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई दारात येते. तिला तुम्ही चहा विचारता का, हा प्रश्न इथं अस्थानी आहे, तरी विचारून ठेवतो.

आणि आता तुमच्या काळात या. साडी गेली, पेटी गेली, मोबाइल परत आला. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात तुमच्या वडिलांना डिस्चार्ज मिळतोय. साखर वाढून पायाला जखम झाली होती, बोट वाचलं. सिस्टर हातात कागद देतात. “पायाची काळजी घ्या, गोड खाऊ नका, गोळ्या वेळेवर. पुढचा रुग्ण!” त्यांच्या वाट्याला सगळा वॉर्ड आहे, फोन वाजतोय, सलाइन संपलंय. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ‘रुग्णास समजावून सांगितले’ असा रकाना फॉर्मवर आहे आणि त्यात खूण झालेली आहे. समजलं का, हा रकाना नाही.

मधुमेहातली पायाची काळजी म्हणजे वस्तीच्या टोकाला तुम्ही दिलेला तोच धडा. नसा बधिर झाल्या की पाय दुखत नाही, म्हणून तो डोळ्यांनी बघायचा. रोज धुवायचा, बेचक्या कोरड्या करायच्या, चपलेत हात घालून खडा बघायचा, गरम पाणी आधी दुसऱ्यानं हातानं पाहायचं. हे सिस्टरांना पुरेपूर येतं. ते सांगायला वीस मिनिटं आणि करून दाखवायला एक पाय लागतो. आपल्या रुग्णालयांनी मशिनं घेतली तशी ही वीस मिनिटं विकत घ्यावीत, त्यासाठी स्वतंत्र नर्स नेमावी, तिच्या कामाचा पगार आणि मान ठेवावा. अशा समुपदेशक नर्सा काही ठिकाणी आहेतही. बहुतेक ठिकाणी नाहीत.

ते होईल तेव्हा होवो. तोवर डिस्चार्जचा कागद हातात पडला की जिन्याकडं वळू नका. सिस्टरांना म्हणा, “तुम्ही सांगितलंत ते मी परत म्हणून दाखवतो, चुकलं तर सांगा.” बहुतेक सिस्टर थांबतात. आणि घरी वडिलांचे पाय रोज जी कुणी खरंच बघणार आहे, मग ती आई असो, सून असो की कामाला येणाऱ्या मावशी, तिला त्या वेळी पुढं उभी करा. बिल भरणाऱ्याला नव्हे.